शेकडा साडेतीन

साडेतीन हा आकडा आपल्याकडे भलताच मानाचा. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. त्या अर्ध्याचं काहीतरी कारणही लोक सांगतात. नाना फडणवीस अर्धे का, तर म्हणे बुद्धी पूर्ण पण हातात तलवार नाही. आज ज्या साडेतीनबद्दल लिहायचं आहे तो मात्र कुठल्या पंचांगात सापडायचा नाही. १८९६ साली हिंदुस्थान सरकारने इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर शेकडा साडेतीन रुपये कर बसवला. शंभर रुपयांचं कापड गिरणीच्या दारातून बाहेर पडलं की साडेतीन रुपये सरकारजमा. जीएसटी येईपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, आपण ज्याला एक्साइज म्हणायचो, त्याच जातकुळीतला हा कर.

आता तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? सरकार म्हटलं की कर आलाच. विशेष असं की त्याच वेळी परदेशातून येणाऱ्या कापडावरची जकातही बरोबर साडेतीन टक्के ठरवली गेली. म्हणजे बघा, कुठलाही देश आयातीवर जकात लावतो ती एकतर तिजोरी भरायला, नाहीतर देशी मालाला आडोसा द्यायला. इथे सरकारला तिजोरीसाठी जकात तर हवी होती, पण त्या जकातीचा देशी गिरण्यांना चुकूनसुद्धा फायदा होऊ नये म्हणून तेवढाच बोजा देशी मालावरही चढवला. आणि हे करणारं सरकार त्याच देशाचं! (निदान नावापुरतं तरी.)

आमच्या धंद्यात हा प्रकार ओळखीचा आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये एखादी ओळ अशी असते की ती वाचून डोकं खाजवावं. तिचा हिशेबाशी काही संबंध दिसत नाही, पण ती काढायला कोणी धजत नाही. ती का आहे हे कोड कितीही वेळा वाचून कळत नाही. ती कोणत्या ग्राहकाने मागितली, हे शोधलं की लगेच कळतं. शेकडा साडेतीनचंही तसंच आहे. अर्थशास्त्राची पुस्तकं उघडून हा कर समजत नाही. तो कोणी मागितला ते बघावं लागतं.

मागणारा होता लँकेशायर परगणा, आणि त्याचं मुख्य ठाणं मँचेस्टर. पण १८९६ ला पोचण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

सतराव्या शतकाच्या अखेरीस चित्र बरोबर उलटं होतं. हिंदुस्थानातलं छापील सुती कापड इंग्लंडमध्ये इतकं खपत होतं की तिथले लोकरीचे आणि रेशमाचे विणकर रस्त्यावर आले. पार्लमेंटने १७०० साली कायदा करून पूर्वेकडच्या छापील कापडाची आयात बंद केली. तेवढ्याने भागेना, म्हणून १७२१ साली असं छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली. जकात वगैरे नाही, सरळ बंदी. इंग्लंडमधला सुती धंदा वाढला तो या कुंपणाच्या आत. पुढे यंत्रं आली, वाफ आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँकेशायरला जगात कोणाची भीती उरली नाही. मग मात्र त्यांना मुक्त व्यापाराचं तत्त्व एकदम पटलं. धान्यावरची जकात उठवण्यासाठी १८३८ साली संघटना निघाली ती मँचेस्टरमध्येच, आणि १८४६ साली त्यांनी तो कायदा रद्द करवून घेतलाही. या लोकांना ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण धान्य महाग ठेवून जमीनदारांचे खिसे भरणारा तो कायदा खरोखरच गरिबांच्या पोटावर येत होता. तत्त्व खरं होतं. फक्त ते पटायला आधी आपलं बस्तान बसावं लागतं!

इकडे मुंबईत १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली कापडगिरणी काढायला घेतली, आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. तोपर्यंत मुंबईचे शेटजी कापूस आणि अफू बाहेर धाडत आणि कापड आत आणत. आता ते स्वतः सूत कातू लागले. यंत्रं अर्थात लँकेशायरचीच. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने मुंबईला चात्यांची यंत्रं विकून चांगला पैसा केला. म्हणजे लँकेशायरमध्येही सगळ्यांचा स्वार्थ एक नव्हता. यंत्र विकणाऱ्याला मुंबईची गिरणी वाढायला हवी होती, कापड विकणाऱ्याला ती नको होती. यातला दुसरा गट फार मोठा होता.

त्या काळात हिंदुस्थानात आयात कापडावर ५ टक्के आणि सुतावर साडेतीन टक्के जकात होती (हो, इथेही साडेतीन!). १८५७ च्या उठावानंतर सरकारवर कर्जाचा डोंगर झाला, तेव्हा जकात १० टक्क्यांपर्यंत नेली होती, ती १८६२ साली खाली आणून ठेवलेली. उद्देश एकच, महसूल. तेव्हा मुंबईत मोजक्याच गिरण्या, त्यांना आडोसा देण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पण १८७४ साली मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने भारतमंत्र्याकडे अर्ज केला, की या जकातीमुळे मुंबईच्या गिरण्यांना अन्यायाने संरक्षण मिळतं आहे, सबब ती रद्द करावी.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण खरी मेख त्यात आहे. सुताचा बारीकपणा नंबरात मोजतात. ८४० यार्डांची एक लडी, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरचं सूत म्हणजे पौंडाला २० लड्या. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. त्यातून २० नंबरच्या आतबाहेरचं जाडंभरडं सूत निघायचं. लँकेशायर अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस वापरायचं आणि बरंचसं बारीक कापड विणायचं. म्हणजे मुंबईचं कापड शेतकरी आणि मजूर नेसणार, मँचेस्टरचं मलमल आणि धोतरजोडे बऱ्या स्थितीतले लोक नेसणार. दोघांची गिऱ्हाइकं फारशी एक नव्हतीच. जिथे स्पर्धाच थोडी तिथे संरक्षण कसलं? हा मुद्दा हिंदुस्थान सरकारातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच पुनःपुन्हा मांडला होता.

पण लंडनमध्ये मतं मोजली जात होती. लँकेशायरमधून साठाच्या आसपास खासदार निवडून येत. १८६७ च्या सुधारणेनंतर शहरांतल्या बऱ्याच कामगारांनाही मत मिळालेलं. गिरणीमालक एका पक्षाचा आणि कामगार दुसऱ्या पक्षाचा असला तरी हिंदुस्थानच्या जकातीवर दोघांचं एकमत. दोन्ही पक्षांना या जागा हव्या होत्या. आणि हिंदुस्थानातून खासदार किती? शून्य. दादाभाई नौरोजी १८९२ ते १८९५ कॉमन्समध्ये होते खरे, पण लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीचे प्रतिनिधी म्हणून. मुंबईला मत नव्हतंच.

एवढं लक्षात ठेवलं की पुढचा सगळा इतिहास गणितासारखा उलगडत जातो.

१८७५ साली व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने पाच टक्के जकात कायम ठेवून कायदा केला. भारतमंत्री लॉर्ड सॉल्सबरी चिडला. ही जकात आणि अफगाणिस्तान, दोन्ही बाबतींत दोघांचं बिनसलं होतं, आणि १८७६ मध्ये नॉर्थब्रुक राजीनामा देऊन घरी गेला. १८७७ साली कॉमन्सने ठराव केला की परिस्थिती अनुकूल होताच ही जकात उठवावी. परिस्थिती तेव्हा काय होती? १८७६ ते ७८ चा महाभयंकर दुष्काळ चालू होता. दख्खनमध्ये आणि मद्रासेकडे माणसं लाखांनी मेली. पुढचे दुष्काळ निभावायला पैसा हवा म्हणून सरकारने १८७८ साली छोट्यामोठ्या व्यापाऱ्यांवर लायसन्स टॅक्स बसवला. वर अफगाण युद्धाचा खर्च. आणि अशा वेळी, १८७९ साली, व्हाइसरॉय लिटनने स्वतःच्या कौन्सिलातल्या बहुमताला बाजूला सारून जाड्या कापडावरची आयात जकात माफ केली. कौन्सिलचं मत डावलण्याचा खास अधिकार त्याने त्यासाठी वापरला. तो अधिकार होता आणीबाणीसाठी. लँकेशायरची निवडणूक हीसुद्धा आणीबाणीच म्हणायची!

१८८२ मध्ये तिजोरीत शिल्लक पडली, तेव्हा मीठ, दारू असे थोडे अपवाद सोडून सगळीच आयात जकात उठली. खुद्द इंग्लंडमध्येही चहा-तंबाखूवर जकात होती, पण हिंदुस्थान जवळजवळ पूर्ण मुक्त बंदर झालं.

मग रुपया घसरला. रुपया चांदीचा, आणि जगात चांदीचा भाव पडत होता. १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९४ च्या सुमारास एक शिलिंग एक पेनीपर्यंत आला. विलायतेला पाठवायची रक्कम मात्र पौंडांत ठरलेली: कर्जावरचं व्याज, पेन्शनी, लंडनच्या कचेरीचा खर्च. तेवढेच पौंड धाडायला आता जवळजवळ दुप्पट रुपये लागू लागले. (डॉलरमध्ये पगार घेणाऱ्या मित्रांना हे गणित उलट बाजूने तोंडपाठ असेल.) तिजोरी बुडायला लागली तेव्हा मार्च १८९४ मध्ये सरकारने पुन्हा पाच टक्के आयात जकात बसवली. सगळ्या मालावर. फक्त सुती कापड वगळून! म्हणजे आयातीतला सगळ्यात मोठा जिन्नसच वगळायचा आणि मग तूट का भरत नाही म्हणून बसायचं. ओरड झाली. हिंदुस्थानातच नव्हे, इथले इंग्रज व्यापारीसुद्धा ओरडले. डिसेंबरमध्ये कापडावरही पाच टक्के जकात आली, पण अट अशी, की इथल्या गिरण्यांच्या २० नंबरच्या वरच्या सुतावर तेवढाच कर घ्यायचा.

तरीही लँकेशायरचं समाधान झालं नाही. फेब्रुवारी १८९५ मध्ये कॉमन्समध्ये सरकारवर हल्ला झाला. त्या वेळचा भारतमंत्री हेन्री फाउलर याने हिंदुस्थानची बाजू घेऊन जोरदार भाषण केलं, आणि तो प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. क्षणभर वाटावं की तत्त्व जिंकलं. पण त्याच उन्हाळ्यात निवडणूक आली, लँकेशायरात जकातीचा मुद्दा गाजला आणि फाउलरचा पक्ष हरला. नवा पंतप्रधान कोण? तोच लॉर्ड सॉल्सबरी. कॉमन्समध्ये त्याच्या पक्षाचा नेता कोण? त्याचा भाचा आर्थर बाल्फोर, मतदारसंघ पूर्व मँचेस्टर. यानंतर काय झालं ते सांगायला नकोच. फेब्रुवारी १८९६ मध्ये कायदा आला. परदेशी कापडावर पाचाऐवजी साडेतीन टक्के, परदेशी सूत माफ, आणि इथल्या गिरण्यांच्या सगळ्या कापडावर, जाडंभरडं असो की बारीक, साडेतीन टक्के. हातमाग तेवढा वगळला.

याचा अर्थ नीट बघा. मँचेस्टरचं तलम कापड घेणाऱ्याचा कर कमी झाला आणि मांजरपाट नेसणाऱ्यावर नवीन कर आला. ज्या जाड्या कापडाशी लँकेशायरची फारशी स्पर्धाच नव्हती, त्यावरही. शिवाय हा कर मालाच्या किमतीवर, नफ्यावर नव्हे. गिरणी तोट्यात असली तरी साडेतीन रुपये भरायचेच.

महाराष्ट्रात या प्रश्नाची मशागत आधीच झालेली होती. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच देशी व्यापारावर व्याख्यानं दिली होती. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातमागाच्या जाड्या कपड्यांत गेले होते. १८९२ साली डेक्कन कॉलेजात रानडे हिंदी अर्थशास्त्रावर बोलले, तेव्हा त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की इंग्लंडातल्या पुस्तकांतले नियम सगळ्या देशांना सगळ्या काळी लागू पडत नाहीत. हे सगळं सभ्य, अभ्यासू पातळीवर. १८९६ च्या कायद्याने ते रस्त्यावर आणलं. टिळकांनी 'केसरी'तून विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली, आणि पुण्यात विद्यार्थ्यांनी विदेशी कापड जाहीरपणे जाळलं. वंगभंगाच्या चळवळीतल्या १९०५ च्या होळीची आठवण आपल्याला शाळेपासून आहे. तिच्या नऊ वर्षं आधी ही ठिणगी पडली होती, आणि कारण होतं एक दशांश चिन्हाचा आकडा.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. वाईट ते मँचेस्टर, चांगली ती मुंबई. पण मुंबई म्हणजे कोण?

लँकेशायरची आणखी एक तक्रार होती. मुंबईच्या गिरण्यांत कामाच्या तासांना धरबंध नाही, लहान पोरं राबवतात, त्यामुळे माल स्वस्त पडतो. तक्रार स्वार्थी होती आणि खरीही होती. त्यातून १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, एवढंच त्याचं औदार्य. यावर देशी वृत्तपत्रांनी काय केलं? राष्ट्रीय विचारांच्या बहुतेक पत्रांनी विरोध केला, कारण मागणी मँचेस्टरची. उलट 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेत होते, त्यांच्या सह्या गोळा करत होते. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांनी. सत्यशोधक लोखंड्यांना देशाभिमान कमी होता असं नव्हे. त्यांचा प्रश्न साधा होता: गिरणी वाचली तर त्यात राबणाऱ्याच्या वाट्याला काय? व्यापारधोरणाच्या भांडणात 'देशाचं हित' हा शब्द दोन्ही बाजूंनी वापरला जातो, तेव्हा लोखंड्यांचा हा प्रश्न हाताशी असलेला बरा.

आता कर गेला कसा ते बघू. युक्तिवादाने गेला नाही हे नक्की. युक्तिवाद १८९६ पासून तयारच होते, आणि सभा-अधिवेशनांतून वर्षानुवर्षं ठराव होत राहिले. कर हलायला महायुद्ध लागलं. १९१६ साली सर्वसाधारण आयात जकात साडेसात टक्के झाली, तेव्हासुद्धा कापड साडेतीनवरच ठेवलं. १९१७ मध्ये हिंदुस्थानने इंग्लंडच्या युद्धखर्चासाठी दहा कोटी पौंडांचा भार उचलला. एवढा पैसा उभा करायचा तर महसूल हवा, म्हणून आयात कापडावरची जकात साडेसात टक्के झाली आणि देशी कर साडेतीनवरच राहिला. पहिल्यांदाच दोन आकड्यांत फरक पडला. लँकेशायरने आकांडतांडव केलं, पण दहा कोटी पौंड देणाऱ्याला या वेळी तरी नाही म्हणता येत नव्हतं.

१९१९ च्या सुधारणांबरोबर एक संकेत ठरला: जकातीच्या बाबतीत हिंदुस्थान सरकार आणि इथलं कायदेमंडळ यांचं एकमत असेल तर भारतमंत्र्याने शक्यतो ढवळाढवळ करू नये. १९२१ मध्ये कापडावरची जकात ११ टक्के झाली. लँकेशायरचं शिष्टमंडळ नेहमीप्रमाणे भारतमंत्र्याकडे गेलं, तर माँटेग्यूने हात वर केले. पण देशी कर? तो तसाच. आता तो मँचेस्टरसाठी नव्हता, आता सरकारला त्या उत्पन्नाची सवय लागली होती! ज्याने ती ओळ लिहून घेतली तो ग्राहक मागे पडला, तरी ओळ जागच्या जागी.

ती पुसली गेली मुंबईच्या संपाने. युद्धानंतरची तेजी ओसरली, जपानी कापड येऊ लागलं, आणि १९२५ मध्ये गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मालकांचं म्हणणं, सरकारने एक्साइज उठवावी, आम्ही कपात मागे घेतो. म्हणजे कामगारांची उपासमार हा मालकांच्या हातातला सरकारवरचा दाब झाला. गिरणगाव दोन महिन्यांहून अधिक काळ बंद होता. अखेर १ डिसेंबर १९२५ पासून व्हाइसरॉय रीडिंगने वटहुकमाने कर स्थगित केला, कपात मागे घेतली गेली, कामगार परत गेले. १९२६ मध्ये कर कायमचा रद्द झाला. व्याख्यानांनी, ठरावांनी आणि अर्जांनी जे तीस वर्षांत झालं नाही, ते लालबाग-परळच्या बंद चुलींनी अडीच महिन्यांत केलं. याचं श्रेय इतिहासात बहुतेक वेळा मालकांना किंवा कायदेमंडळाला जातं.

गोष्ट इथे संपवली तर गोड शेवट होईल. पण पुढची आठ-नऊ वर्षं बघितल्याशिवाय ती पुरी होत नाही. १९३० मध्ये कापडाला उघड संरक्षण मिळालं: ब्रिटिश कापडावर १५ टक्के, इतरांच्या कापडावर २० टक्के. तो 'इतर' म्हणजे जपान. जपानी कापडावरची जकात चढत चढत १९३२ मध्ये ५० आणि १९३३ मध्ये ७५ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांतर्फे होमी मोदी आणि लँकेशायरचं शिष्टमंडळ यांनी एकमेकांच्या सोयीचा करार केला. तीस वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, तोच मँचेस्टरवाला आता शेजारच्या खुर्चीवर!

जपानने उत्तर दिलं ते कापडात नाही, कापसात. त्यांनी हिंदुस्थानी कापूस घेणं थांबवलं. आखूड धाग्याच्या आपल्या कापसाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक जपानच होता. वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात 'ऊमरा' नावाने विकला जायचा, ते नाव अमरावतीवरून पडलेलं. मंदीने आधीच भाव कोसळलेले, त्यात हे. शेवटी १९३४ च्या करारात दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या: जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घेतला तर ३२.५ कोटी यार्ड कापड आणू द्यायचं, पंधरा लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी यार्ड. म्हणजे मुंबईच्या मालकाला मिळालेल्या आडोशाचं भाडं वऱ्हाड-खानदेशचा शेतकरी भरत होता, हे खुद्द करारातच आकड्यांनी लिहिलेलं आहे. १८९६ मध्ये मुंबईची जी अवस्था होती, ती १९३३ मध्ये अकोल्याची. निर्णय दुसरीकडे, किंमत इथे.

आणि लँकेशायरचं काय? १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड कापड निर्यात केलं, त्यातलं ३०० कोटींच्या आसपास हिंदुस्थानात आलं. १९३० चं दशक संपताना ते दहाव्या हिश्श्याहून कमी उरलं. साडेतीन टक्क्यांनी त्यांना वाचवलं नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी डार्वेनला गेले, तेव्हा तिथले बेकार कामगार त्यांना प्रेमाने भेटले. त्यांना मत होतं, पण जपान आणि यंत्रं यांच्यापुढे तेही पुरलं नाही.

हे सगळं जुनं झालं म्हणून सोडून द्यावं असं वाटत असेल तर आपल्याच कांद्याकडे बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली. शहरातल्या ताटात कांदा स्वस्त राहावा हा हेतू, आणि तो काही वाईट म्हणता येत नाही. किंमत लासलगावच्या आवारात चुकती झाली. बंदी उठली ४ मे २०२४ ला. नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचं मतदान होतं २० मे ला. फरक एवढाच, की या शेतकऱ्याकडे मत होतं. १९३३ च्या वऱ्हाडातल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे ते नव्हतं.

म्हणून जकातीची बातमी आली की मी टक्क्यांच्या आधी तीन गोष्टी शोधतो. हा आकडा मागितला कोणी, भरणार कोण, आणि ठरत असताना खोलीत कोण नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात लावली, तेव्हाही हेच प्रश्न विचारून बघितले, आणि अग्रलेखांपेक्षा जास्त उजेड पडला. तज्ज्ञ लोक संरक्षण चांगलं की मुक्त व्यापार चांगला यावर वाद घालतात. तो वाद महत्त्वाचा आहेच. पण लँकेशायरने शंभर वर्षांत दोन्ही तत्त्वं वापरली, मुंबईनेही दोन्ही वापरली, आणि प्रत्येक वेळी मनापासून वापरली.

असो. शनिवारची दुपार आणि जकातीचा इतिहास, म्हणजे अजीर्णच. कधी लालबाग-परळकडून जाणं झालं आणि एखादं जुनं धुराडं अजून उभं दिसलं, तर १९२५ चा तो संप आठवा. चार्ल्स मेटकाफ नि मिंटोची नावं आपण पाठ केली, पण हा कर ज्यांनी घालवला त्या दीड लाखांतलं एकही नाव आपल्या पुस्तकात नव्हतं.